सभासद अभ्यासवर्ग : एकच गिऱ्हाईक आणि दोन दर



या पानावर एरव्ही आपण बेणे प्रक्रिया, लागणीचे अंतर, खोडव्यातले पाचट, ठिबकमधून द्यायची खते असे विषय घेतो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे. त्याला कारण परवा गट ऑफिसमध्ये झालेली बोलाचाली.

तोडणी प्रोग्राम लावायचे काम चालू होते. आपले एक जुने सभासद आहेत, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. ते काठी टेकत आत आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "साहेब, एक सांगा. माझा ऊस कारखान्याच्या धुराड्याच्या सावलीतला. वडिलांनी शेअर घेतला तवा इथं नुसता माळ होता. आन् पन्नास किलोमीटरवरनं येणाऱ्या गेटकेनला माझ्यापेक्षा टनाला दर जास्त? मग सभासद होऊन मी मिळवलं काय?"

मी नेहमीचे उत्तर दिले, की ऊस कमी पडतो, गाळप पुरे झाले पाहिजे वगैरे. आबा म्हणाले, "ते ठावं हाय मला. न्याय काय ते सांगा."

मला नीट उत्तर देता आले नाही. मी शेतकी पदविका घेतलेला माणूस. उसाला कांडी कीड लागली तर काय करायचे ते सांगेन, पण भावाला कीड लागली तर काय, हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते. म्हणून अर्थशास्त्राची दोन-चार पुस्तके मिळवून वाचली. त्यातून जे समजले ते आपल्या भाषेत मांडतो. आबांच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी येईल. तोवर थोडी पायाभरणी करू.

१. मक्तेदारी म्हणजे काय?

बाजारात वांगी विकणारे वीस जण असतील तर एकाने दर चढा लावला की आपण पुढच्या पाटीकडे जातो. विकणारा एकच असेल तर जाणार कुठे? दुष्काळात गावात एकाच विहिरीला पाणी असले आणि टँकर येत नसला, तर त्या विहिरीचा मालक म्हणेल तो दर. याला मक्तेदारी म्हणतात.

पण मक्तेदारालाही मनाला येईल तो दर लावता येत नाही. दर फार चढवला तर गिऱ्हाईक कमी घेते. म्हणून तो असा दर शोधतो की माल थोडा कमी खपला तरी चालेल, पण एकूण नफा जास्तीत जास्त राहिला पाहिजे. म्हणजे मक्तेदारीत दोन गोष्टी एकदम घडतात, दर चढतो आणि माल कमी विकला जातो. विहिरीत पाणी शिल्लक राहते आणि शेजारची बाग वाळते. अर्थशास्त्री मक्तेदारीवर टीका करतात ती मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीसाठी.

काही धंदे मात्र असे असतात की तिथे एकच विकणारा असणे सोयीचे पडते. एका गावात दोन कंपन्यांनी विजेचे दोन-दोन खांब आणि दोन-दोन तारा टाकल्या तर खर्च दुप्पट होईल आणि तो आपल्याच बिलात येईल. याला नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात. अशा धंद्यात स्पर्धा आणणे अवघड, म्हणून दर ठरवायला सरकार नियामक नेमते. महाराष्ट्रात वीज नियामक आयोग १९९९ साली स्थापन झाला तो याच कारणाने.

२. विकणारे हजार, घेणारा एक

आता ही गोष्ट उलटी करून पाहा. आपल्या उसाच्या बाबतीत विकणारे हजारो आहेत आणि घेणारा एक. जोन रॉबिन्सन या इंग्लंडच्या अर्थशास्त्री बाईंनी १९३३ साली आपल्या पुस्तकात अशा बाजाराला वेगळे नाव दिले. मराठीत त्याला खरेदीदाराची मक्तेदारी म्हणू. विकणारा मक्तेदार दर चढवतो, तर घेणारा मक्तेदार दर पाडतो. धर्म एकच, दिशा वेगळी.

उसात असे का होते, हे आपल्याला पुस्तकात पाहायची गरज नाही. ज्वारी पोत्यात भरून ठेवता येते. हळद पेवात ठेवता येते. भाव आला की काढायची. ऊस तोडला की चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे, नाहीतर वजनही घटते आणि साखरही. बरे, तोडलाच नाही आणि उभा ठेवला तर तुरा येतो, ऊस पोकळ पडतो, रानही अडकून राहते. त्यातून ऊस हा अंगाने जड आणि मोलाने हलका माल. टनातून साखर निघते शंभर-सव्वाशे किलो, बाकी वाहतूक होते ती पाण्याची आणि चिपाडाची. त्यामुळे लांबच्या कारखान्याने शंभर-दोनशे जास्त दिले तरी ते वाहतुकीत जिरून जातात. तात्पर्य, ऊस पिकवणाऱ्याच्या बाजाराला नैसर्गिकच कुंपण आहे. जुन्या काळी त्याला एक फाटक होते, गुऱ्हाळाचे. कारखान्याने दर पाडला की ऊस गुऱ्हाळाकडे वळायचा. कोल्हापूर भागात हे फाटक बराच काळ उघडे राहिले, इतर ठिकाणी ते अरुंद होत गेले.

कुंपणाचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. मी शाळेत असताना झोनबंदी होती. राज्य सरकारच्या १९८४ च्या आदेशाने ज्या कारखान्याच्या राखीव क्षेत्रात तुमचे गाव, त्यालाच ऊस घालायचा. आमचे गाव ज्या कारखान्याकडे होते, त्याचा दर नदीपलीकडच्या कारखान्यापेक्षा कमी. एका साली वडिलांचा आडसाली ऊस उन्हाळ्यापर्यंत उभा राहिला. तोड मागायला वडील रोज गट ऑफिसला जायचे आणि स्लिप बॉयला, जो त्यांच्या पोराच्या वयाचा, "साहेब" म्हणायचे. शेवटी तोड आली तेव्हा टोळीने जी खुशाली मागितली ती मुकाट दिली. नदीपलीकडच्या धुराड्याचा धूर आम्हाला घरातून दिसायचा. पण पलीकडे ऊस नेणे गुन्हा होता. पर्याय नसला की माणसाची मान कशी खाली जाते, ते मी तेव्हा पाहिले. पुढे महाराष्ट्रातली झोनबंदी उठली.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. कारखाना उसाचा एकमेव घेणारा असला तरी साखरेचा तो एकमेव विकणारा नव्हे. देशात शेकडो कारखाने साखर विकतात. तिथे आपल्या कारखान्याचे कोणी ऐकत नाही, व्यापाऱ्याच्या टेंडरला जो दर येईल तो घ्यावा लागतो. म्हणून "साखरेला एवढा भाव लावा आणि आम्हाला तेवढा द्या" असे म्हणता येत नाही. कारखान्याच्या हातात खरी सत्ता आहे ती उसाच्या दरावर आणि खर्चावर.

३. एकाच मालाला दोन दर

आता दुसरा धडा. एकच माल वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना वेगवेगळ्या दराने द्यायचा किंवा घ्यायचा, आणि त्या फरकाला खर्चाचे कारण नसायचे, याला मूल्यभेद म्हणतात. पिगू नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली त्याचे तीन प्रकार सांगितले.

पहिला प्रकार माणूस पाहून, त्याची नड पाहून दर. प्रत्येकाकडून तो जास्तीत जास्त जेवढे देईल तेवढे काढायचे. आपल्याकडे याचे उदाहरण खुशालीचे. ज्याचा ऊस जळाला आहे किंवा ज्याला गव्हासाठी रान मोकळे करायची घाई आहे, त्याला मुकादम जास्त सांगतो. टोळीचे कष्ट तेच, ऊस तोच, पण नड मोठी म्हणून दर मोठा.

दुसरा प्रकार मालाचे टप्पे करून दर. वीज बिलात पहिल्या शंभर युनिटला एक दर आणि पुढच्याला दुसरा, हा यातलाच. रेल्वेचे वर्गही यात येतात. ज्यूल्स द्युपुई नावाच्या फ्रेंच इंजिनियरने १८४९ साली यावर मोठे मार्मिक लिहिले आहे. त्या काळी तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसायचे. त्याने म्हटले, की छपराचे पैसे वाचावेत म्हणून कंपनी असे करत नाही. दुसऱ्या वर्गाचे भाडे ज्याला परवडते त्याने तिसऱ्यात बसू नये, म्हणून छप्पर घालत नाही. गरिबाला भिजवायचे ते गरिबावर राग म्हणून नव्हे, तर श्रीमंताला भीती वाटावी म्हणून!

तिसरा प्रकार गट पाडून दर. शेतीपंपाला विजेचा एक दर, घराला दुसरा, कारखान्याला तिसरा. एस.टी.त म्हाताऱ्या माणसांना सवलत. आणि आबा ज्यावर भांडले ते सभासद आणि गेटकेन, तेही याच प्रकारात.

हे तिन्ही प्रकार चालायला तीन अटी लागतात. एक, दर ठरवणाऱ्याच्या हातात सत्ता पाहिजे. दोन, गिऱ्हाइके वेगळी ओळखता आली पाहिजेत. तीन, स्वस्तात घेणाऱ्याने महागात घेणाऱ्याला माल परत विकता कामा नये. तिसरी अट सुटली की सगळा डोलारा कोसळतो. याचा दाखला आपल्याच साखरेचा आहे.

४. रेशनची साखर : सरकारने केलेला मूल्यभेद

जुन्या सभासदांना लेव्हीची साखर आठवत असेल. १९६७-६८ पासून सरकारने अंशतः नियंत्रणाचे धोरण आणले. कारखान्यात तयार झालेल्या साखरेपैकी ६० टक्के सरकार ठरवील त्या कमी दराने रेशनसाठी द्यायची आणि ४० टक्के खुल्या बाजारात विकायची. एकाच पॅनमधून निघालेली, एकाच पोत्यात भरलेली साखर, पण शिक्का पाहून दर दोन. खुल्या साखरेच्या चढ्या दरातून रेशनच्या साखरेची तूट भरून निघायची.

हेतू चांगला होता, गरिबाच्या चहाला साखर मिळावी. पण तिसरी अट आठवा. रेशनचे पोते मागच्या दाराने हॉटेलात आणि हलवायाकडे जाऊ लागले. दोन दरांत जेवढी तफावत मोठी, तेवढा मागचा दरवाजा रुंद. शिवाय लेव्हीच्या दराने कारखान्याचे जे उत्पन्न घटे, ते शेवटी उसाच्या दरातून घटे. म्हणजे रेशनचा भार शहरातल्या श्रीमंत गिऱ्हाइकाने काही उचलला, आणि काही आपण उचलला.

ऑगस्ट १९७८ मध्ये सरकारने सगळेच नियंत्रण उठवले. साखर अमाप होती, दर कोसळले. डिसेंबर १९७९ मध्ये पुन्हा अंशतः नियंत्रण आले. पुढे लेव्हीचे प्रमाण कमी कमी होत २००२ मध्ये १० टक्क्यांवर आले. डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने ऑक्टोबर २०१२ मध्ये दिलेल्या अहवालानंतर २०१३ मध्ये लेव्ही बंद झाली. गरिबाला स्वस्त साखर द्यायची तर सरकारने आपल्या तिजोरीतून द्यावी, कारखान्याच्या आणि पर्यायाने ऊसवाल्याच्या खिशातून नको, हे तत्त्व मान्य व्हायला पंचेचाळीस वर्षे लागली.

५. सरकारचे दोन हात

मक्तेदारी आवरायला सरकार लागते. पण सरकारचे दोन हात असतात. एका हाताने ते वेसण घालते आणि दुसऱ्या हाताने कुंपण घट्ट करते. दोन्ही पाहू.

वेसण म्हणजे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश. अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली निघालेल्या या आदेशाने उसाला किमान दर बांधून दिला. २००९-१० च्या हंगामापासून वैधानिक किमान दराच्या जागी रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी आली. त्या हंगामात ती ९.५ टक्के उताऱ्याला क्विंटलला १२९ रुपये ८४ पैसे होती. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला ३५५ रुपये, आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त, अशी ती ठरली. याच आदेशात ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज द्यावे, असेही कलम आहे. ज्याला एकच गिऱ्हाईक आहे त्याला दर जेवढा महत्त्वाचा, तेवढीच पैशाची तारीख महत्त्वाची. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन टप्प्यांत द्यायचा निर्णय काढला होता, तो मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवला, तो वाद याच तारखेचा होता.

एफआरपी ही जमीन आहे, छत नाही. तिच्या खाली कोणी जाऊ शकत नाही, वर कितीही जाता येते. महाराष्ट्रात २०१३ च्या ऊस दर कायद्याने आणखी एक पायरी घातली. हंगाम संपल्यावर साखर आणि उपपदार्थ यांच्या उत्पन्नाचे ७० टक्के उसाला आणि ३० टक्के कारखान्याच्या खर्चाला, असे वाटप करून पाहायचे. त्या हिशेबाने निघणारा दर एफआरपीपेक्षा जास्त आला तर फरक ऊस उत्पादकाला द्यायचा.

आता कुंपण घालणारा हात पाहा. केंद्राने २००६ मध्ये नियम केला की दोन साखर कारखान्यांत किमान १५ किलोमीटर अंतर हवे. महाराष्ट्रात ते २५ किलोमीटर ठेवण्यात आले. याचे कारणही खोटे नाही. कोट्यवधी रुपये घालून उभा केलेला कारखाना शेजारच्याने ऊस ओढल्यामुळे बंद पडला तर बुडतात ते सभासदच. पण याच नियमाने घेणाऱ्याची मक्तेदारी कायद्याने पक्की होते. रंगराजन समितीनेही हे अंतर काढून टाकावे, असेच सुचवले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याबाहेर ऊस नेण्यास बंदी करणारा आदेश निघाला, तोही कुंपणाचाच प्रकार. शेतकऱ्यांचा विरोध झाला आणि काही दिवसांतच तो मागे घेतला गेला.

वेसण घातली तरी बैलाला वैरण लागतेच, हेही विसरू नये. साखरेचा किमान विक्री दर जून २०१८ मध्ये किलोला २९ रुपये बांधला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ केला. २०२५-२६ चा हंगाम सुरू झाला तेव्हाही तो ३१ च होता. दरम्यान एफआरपी २७५ वरून ३५५ वर गेली. हा ३१ रुपये केवळ किमान दर आहे, साखर त्याहून महाग विकता येते. पण साखर पडली तर टेकायला आधार जुना आणि उसाचे देणे नवे. कारखान्याची ही अडचण खरी आहे. ती सभासदांनीही समजून घ्यावी.

६. गेटकेनचा हिशेब

पायाभरणी झाली. आता आबांचा प्रश्न. खाली दिलेले आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, ते आपल्या कारखान्याचे नव्हेत.

समजा सभासदांचा ऊस ३ लाख टन आहे आणि त्याला ३,००० रुपये दर आहे. आणखी ५० हजार टन बाहेरून आणायचा, तर तिथे दुसरा कारखाना असल्यामुळे ३,२०० द्यावे लागतात. सर्वांना एकच दर द्यायचा ठरवला तर बाहेरच्या उसाला १६ कोटी लागतील आणि सभासदांच्या ३ लाख टनाला टनामागे २०० प्रमाणे आणखी ६ कोटी. म्हणजे ५० हजार टन वाढीव उसासाठी २२ कोटी, टनाला ४,४०० रुपये पडले! दोन दर ठेवले तर १६ कोटीतच काम होते. एकमेव घेणाऱ्याला दोन दरांचा मोह का पडतो ते इथे कळते. ज्याच्याकडे पर्याय आहे त्याला जास्त द्यायचे आणि ज्याच्याकडे नाही त्याला कमी. आबांना राग आला तो याचा, आणि तो राग बरोबर आहे. सभासदत्वाची निष्ठाच त्यांची अडचण ठरली.

पण हिशेबाची दुसरी बाजू पाहा. कारखान्याचे पगार, व्याज, देखभाल हा ठरलेला खर्च समजा ३० कोटी आहे. ३ लाख टन गाळले तर तो टनाला १,००० रुपये पडतो. साडेतीन लाख टन गाळले तर ८५७ रुपये. सभासदांच्या ३ लाख टनावर टनामागे १४३ रुपये वाचले, म्हणजे सुमारे सव्वाचार कोटी. गेटकेनला २०० रुपये जास्त दिले त्याचा बोजा १ कोटी. म्हणजे गेटकेन आणल्याने सभासदांचे नुकसान नाही, उलट तीन कोटींवर फायदा आहे. गेटकेन आणलीच नसती तर आबांना कदाचित आज मिळतो तोही दर मिळाला नसता.

मग प्रश्न कुठे उरला? प्रश्न इथे आहे, की तो वाचलेला पैसा शेवटच्या बिलात सभासदांपर्यंत आला का. आला असेल तर दोन दर हा सभासदांच्या हिताचा व्यवहार आहे. आला नसेल, गेटकेनची वाहतूक फार लांबून होऊन तिथेच जिरला असेल, तर तो नुसता मूल्यभेद आहे. हा पैसा कुठे गेला, हे ताळेबंदातच दिसेल.

७. सारखा दर म्हणजे सारखा न्याय?

मूल्यभेद म्हणजे दर वेगळा, एवढेच आपण आतापर्यंत पाहिले. पण खर्च वेगळा असून दर सारखा ठेवला, तर तोही मूल्यभेदच होय. इथे आपल्यापैकी अनेकांचा विचार थबकेल, म्हणून सावकाश सांगतो.

उसाचा दर कारखान्याच्या गव्हाणीवरचा असतो आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. बहुतेक ठिकाणी ही वजावट सरासरीने होते. समजा तीन शेतकरी आहेत, तिघांचा ऊस सारखाच. तोडणी तिघांची ४५० रुपये टन. वाहतूक मात्र ५ किलोमीटरवाल्याची १५०, २५ किलोमीटरवाल्याची ३०० आणि ६० किलोमीटरवाल्याची ६००. सरासरी वाहतूक ३५०, म्हणून प्रत्येकाचे ८०० रुपये कापले. वास्तविक जवळच्याचा खर्च ६००, मधल्याचा ७५० आणि लांबच्याचा १,०५०. म्हणजे जवळच्याने २०० आणि मधल्याने ५० रुपये जास्त भरले, आणि ते २५० रुपये लांबच्याला गेले. पावती तिघांची सारखी, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

उताऱ्याचेही तसेच. एफआरपी कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर निघते. वेळेवर लागण करून, पाणी आवरून, पक्व ऊस देणाऱ्याला आणि पाचट-मातीसकट कोवळा ऊस पाठवणाऱ्याला टनाला दर एकच. चांगला ऊस देणारा दुसऱ्याला फुकट साखर देतो. माझ्या खात्याचे रोजचे दुखणे हेच आहे. "को ८६०३२ लावा, साखर चांगली मिळते" असे मी सांगतो आणि समोरून उत्तर येते, "साखर मिळती कारखान्याला, मला मिळतं ते वजन." या उत्तरावर माझ्याकडे अजून चांगला जबाब नाही.

मग सरासरी सोडून द्यावी काय? मी तसे म्हणत नाही. लांबच्या गावच्या सभासदांनीही त्या काळी शेअर घेतले होते. उसाची हमी दाखवायची होती तेव्हा त्यांची गावे लागली होती. आज त्यांना "तुमचा खर्च तुम्ही सोसा" म्हटले तर ते दुसरीकडे जातील आणि ठरलेला खर्च उरलेल्यांच्या डोक्यावर येईल. भावाभावांत थोडे वाटून घ्यावे लागते. पण सभासदाने सभासदाचा भार उचलणे वेगळे, आणि ज्याचा एकही शेअर नाही अशा गेटकेनच्या वाहतुकीचा भार सभासदांच्या सरासरीत मिसळणे वेगळे. पहिले सहकार आहे. दुसरे सर्वसाधारण सभेने उघडपणे मान्य केले असेल तरच योग्य, एरव्ही नाही.

८. तिसरा लगाम आपल्या हाती

एकमेव घेणाऱ्याला तीन लगाम असतात. पहिला पर्याय, म्हणजे दुसरा कारखाना किंवा गुऱ्हाळ. दुसरा कायदा, म्हणजे एफआरपी, चौदा दिवस, ७०-३०. तिसरा मालकी. पहिले दोन आपल्या हातात फारसे नाहीत. तिसरा आहे.

लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा कारखाना उभा केला, १९५०-५१ ला त्याचे गाळप सुरू झाले. त्यामागचे अर्थशास्त्र एका वाक्यात सांगता येईल : घेणारा एकच राहणार असेल तर तो आपणच असावे. मग दर पाडून जो नफा होईल तो फिरून आपल्याकडेच येईल. सहकारात ऊसदर आणि नफा यांतली रेषा इतकी पुसट असते की आयकर खात्यानेही "हा दर नव्हे, ही नफ्याची वाटणी" म्हणून सहकारी कारखान्यांवर वर्षानुवर्षे मागण्या काढल्या. शेवटी २०२३ च्या अर्थसंकल्पात २०१६-१७ पूर्वी दिलेला ऊसदर खर्च म्हणून दाखवण्याची मुभा मिळाली आणि सुमारे १०,००० कोटींचा दिलासा आला.

परंतु मालक म्हणून नाव असणे आणि मालकासारखे वागणे यात अंतर आहे. आपण वार्षिक सभेला येतो, अहवालाची पुस्तिका गुंडाळून खिशात घालतो, चहा घेतो आणि "मंजूर, मंजूर" म्हणून घरी जातो. मग मालकीचा लगाम खुंटीवरच राहतो आणि कारखाना इतर कोणत्याही मक्तेदारासारखा वागू लागतो. त्यात संचालकांचाच दोष असतो असे नाही. विचारणारा नसला की कोणीही तसेच वागेल.

म्हणून येत्या सभेला हे तीन आकडे मागावेत, अशी माझी सूचना आहे. एक, सभासद ऊस आणि गेटकेन यांची तोडणी-वाहतूक वेगवेगळी किती पडली. दोन, गेटकेनमुळे ठरलेल्या खर्चात टनामागे किती बचत झाली आणि ती शेवटच्या बिलात किती दिली. तीन, अंतराचे टप्पे पाडून वजावट केली तर कोणत्या गटगावाला किती फरक पडेल. हे आकडे हातात आल्यावर सभासदांनी सरासरी ठेवायची का टप्पे करायचे ते ठरवावे. जो निर्णय होईल तो माहीत असून झालेला असेल.

आबांना मी हे सगळे परवा बांधावर बसून सांगितले. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे गेटकेनवाल्याशी भांडण नाही माझं. हिशेबाशी हाय." मी म्हटले, "होय आबा, तेवढंच." ते म्हणाले, "मग तुमच्या त्या अंकात छापा. सभेत मी उठून विचारतो. तुम्ही तवा खाली मान घालू नका म्हंजे झालं."

मान खाली घालणार नाही, असे मी त्यांना वचन दिले आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१) आपल्या गावापासून दुसरा कारखाना किती अंतरावर आहे? तिथे ऊस नेल्यास वाहतूक वजा जाता टनाला काय उरेल? हाच आपला खरा पर्यायी दर.

२) आपल्या मागील हंगामाच्या बिलावर तोडणी-वाहतूक किती कापली? आपल्या अंतराचा प्रत्यक्ष खर्च किती असावा?

३) लेव्ही साखरेत दोन दर का टिकले नाहीत? शेतीपंपाच्या विजेत ते का टिकतात?

४) आपल्या शिवारात एकाच कामाला नड पाहून वेगळा दर घेतला जातो, अशी दोन उदाहरणे लिहून काढा. ती थांबवायला तीनपैकी कोणता लगाम चालेल?

उत्तरे गट ऑफिसमध्ये आणून द्यावीत. चर्चा पुढील शेतकरी मेळाव्यात करू.

– ऊस विकास अधिकारी